कायद्याची दोन वर्षे, धुळीची तीस

दक्षिण दिल्लीत मेहरौली-बदरपूर रस्त्यालगत लाल कुआँ नावाची श्रमिकांची वस्ती आहे. १९९२ पर्यंत या परिसरात दगड फोडून खडी तयार करणारे क्रशर चालत. त्या वर्षीच्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर आदेश दिला आणि दिल्ली-फरिदाबाद पट्ट्यातील क्रशर १५ ऑगस्टपासून बंद करून त्यांना हरियाणातील पाली येथे पर्यायी जागा देण्यास सांगितले. राजधानीच्या हवेसाठी घेतलेला महत्त्वाचा निर्णय म्हणून त्याची नोंद झाली आणि ती योग्यच होती. यंत्रे पालीला गेली. मजुरांच्या फुफ्फुसात साचलेली दगडाची भुकटी मात्र त्यांच्यासोबत लाल कुआँतच राहिली. क्रशर बंद झाल्यानंतर अनेक वर्षे या वस्तीत सिलिकोसिसचे रुग्ण पुढे येत राहिले. ज्यांच्याविरुद्ध दावा करायचा ते मालक तोवर निघून गेले होते आणि मजुरांपाशी हजेरीपत्रकाचा कागदही नव्हता.

विषारी द्रव्यांच्या संसर्गातून उद्भवणाऱ्या भरपाईच्या दाव्यांचा भारतातील इतिहास थोडक्यात हाच आहे. या देशात अशा भरपाईचा हक्क नाही, असे कोणालाही म्हणता येणार नाही. कायदे आहेत, सर्वोच्च न्यायालयाचे निकाल आहेत, आजारांच्या याद्या आहेत. अडचण वेगळीच आहे. भरपाईच्या कायद्याने आजाराकडे नेहमी अपघात म्हणून पाहिले. अपघाताला तारीख असते, वेळ असते, साक्षीदार असतो. धुळीला यांपैकी काहीच नसते. ती कित्येक वर्षे साचते आणि तिचा परिणाम दिसू लागतो तेव्हा कायद्याने आखलेली मुदत संपलेली असते.

तारीख नसलेला अपघात

या विसंगतीचे मूळ १९२३ च्या कायद्यात आहे. प्रथम कामगारांच्या नावाने आणि २००९ च्या दुरुस्तीनंतर कर्मचारी भरपाई कायदा या नावाने ओळखल्या गेलेल्या या कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत व्यावसायिक आजारांची यादी होती. सिलिकोसिस आणि ॲस्बेस्टोसिस हे दोन्ही आजार या यादीत समाविष्ट होते. यादीतला आजार जडला की तो कामावर झालेला अपघात मानावा, ही त्यामागची कल्पना. आपल्या काळाच्या मानाने ती उदारच होती, कारण आजार कामामुळेच झाला हे प्रत्येक वेळी मुळापासून सिद्ध करण्याचा भार तिने काही अंशी हलका केला.

परंतु त्याच कायद्याच्या दहाव्या कलमाने दाव्यासाठी दोन वर्षांची मुदत घातली. काम सोडून गेलेल्या माणसाचे काय, याचाही विचार त्या कलमात होता. नोकरी सुटल्यापासून दोन वर्षांच्या आत आजाराची लक्षणे दिसली, तर ती प्रथम दिसली तो दिवस अपघाताचा मानावा, असे त्यात म्हटले होते. विलंबाला पुरेसे कारण असेल तर दावा दाखल करून घेण्याचा अधिकार आयुक्तांना होता, हेही खरे. पण नियम दोन वर्षांचा आणि त्यापलीकडे सारे काही आयुक्तांच्या विवेकावर, असा हा मामला होता.

आता वैद्यकशास्त्र काय सांगते ते पाहावे. दीर्घकालीन सिलिकोसिस बहुधा दहा किंवा त्याहून अधिक वर्षांच्या संसर्गानंतर दिसू लागतो आणि काम सोडल्यानंतरही वाढत राहतो. ॲस्बेस्टॉसचे तंतू फुफ्फुसात गेल्यापासून मेसोथेलिओमा हा कर्करोग प्रकट होईपर्यंत वीस ते चाळीस वर्षे, प्रसंगी त्याहूनही अधिक काळ जाऊ शकतो. म्हणजे ज्या आजाराला उगवायलाच तीस वर्षे लागतात, त्याच्या लक्षणांची वाट कायदा निवृत्तीनंतर दोन वर्षे पाहतो. कायदा करणाऱ्यांच्या मनात वाईट हेतू होता असे मानण्याचे कारण नाही. यंत्रात हात सापडलेल्या गिरणी कामगाराला डोळ्यांसमोर ठेवून केलेल्या कायद्यात फुफ्फुसाचा आजार नंतर बसवला गेला, आणि तो कधीच नीट बसला नाही.

हा पेच केवळ भारताचा नाही. ब्रिटनमध्ये १९६३ साली असेच एक प्रकरण हाउस ऑफ लॉर्ड्सपुढे आले होते. पोलादाच्या कारखान्यात धुळीत काम केलेल्या कामगारांनी फुफ्फुसाच्या आजाराबद्दल मालकाविरुद्ध दावा केला. आजार शरीरात शिरला तेव्हाच मुदतीचा काळ सुरू झाला, मग तो त्यांना ठाऊक असो वा नसो, असा कायद्याचा अर्थ न्यायमूर्तींना नाइलाजाने लावावा लागला आणि दावे मुदतबाह्य ठरले. हा अन्याय उघड दिसताच त्याच वर्षी ब्रिटिश संसदेने मुदतीचा कायदा बदलला. पुढे १९८० च्या कायद्यात हे तत्त्व स्थिर झाले. शारीरिक इजेच्या दाव्याची तीन वर्षांची मुदत आता इजा झाल्यापासून किंवा ती झाल्याचे कळल्यापासून, यांपैकी जी तारीख नंतरची असेल तिच्यापासून मोजली जाते. मालक किंवा कंपनीच अस्तित्वात नसेल तर काय, या प्रश्नावरही १९७९ साली स्वतंत्र कायदा करून सरकारने भरपाईची जबाबदारी पत्करली.

न्यायालयाची चाळीस वर्षे

भारतात ही दृष्टी संसदेच्या आधी न्यायालयाने दाखवली. अहमदाबादच्या ग्राहक शिक्षण व संशोधन केंद्राने १९८६ साली ॲस्बेस्टॉस कामगारांसाठी सर्वोच्च न्यायालयात याचिका केली होती. तिचा निकाल २७ जानेवारी १९९५ रोजी लागला. कामगाराचा आरोग्याचा आणि वैद्यकीय उपचारांचा हक्क हा घटनेच्या एकविसाव्या अनुच्छेदातील जीविताच्या हक्काचा भाग आहे, असे न्यायालयाने निःसंदिग्धपणे सांगितले. हे तत्त्व पुढे अनेक निकालांत उद्धृत झाले. पण त्या निकालातील एक व्यावहारिक आदेश तत्त्वाइतकाच मोलाचा होता. ॲस्बेस्टॉस कारखान्याने प्रत्येक कामगाराची आरोग्यनोंद तो कामाला लागल्यापासून किमान चाळीस वर्षे किंवा त्याने काम सोडल्यापासून पंधरा वर्षे, यांपैकी जे नंतर येईल तोपर्यंत जपावी, असे न्यायालयाने बजावले. ज्यांना आजार असल्याचे अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेच्या फेरतपासणीत निष्पन्न होईल, त्यांना प्रत्येकी एक लाख रुपये देण्याचाही आदेश होता.

चाळीस वर्षांचा हा आकडा न्यायालयाने उगाच निवडला नव्हता. आजार उशिरा उगवतो आणि तेव्हा कामगाराच्या हाती कागद असला पाहिजे, हे त्यामागचे भान होते. म्हणजे पुरावा चाळीस वर्षे जपावा असे न्यायालयाने सांगितले, आणि दावा दोन वर्षांत करावा असे कायदा सांगत राहिला. दोन्ही गोष्टी एकाच वेळी या देशात लागू होत्या.

प्रत्यक्षात पुरावा जपला गेला का, याचे उत्तर मुंबईतून मिळते. डॉ. व्ही. मुरलीधर आणि विजय कान्हेरे यांनी तेथील एका ॲस्बेस्टॉस कारखान्यातील कामगारांची पाहणी केली. तिचे निष्कर्ष २००५ मध्ये प्रसिद्ध झाले. २३२ पैकी १८१ कामगार तपासणीस आले आणि त्यांपैकी सुमारे २२ टक्क्यांना ॲस्बेस्टोसिस असल्याचे आढळले. देशात ॲस्बेस्टॉसशी संपर्क येणारे अंदाजे एक लाख कामगार असताना तोपर्यंत भरपाई मिळालेल्यांची संख्या तीसहूनही कमी होती, असे या अभ्यासकांनी नमूद केले. व्यवस्थापनाच्या पाहण्यांमधून आजाराचे प्रमाणपत्र मिळत नाही, डॉक्टरांना या आजारांच्या निदानाचे प्रशिक्षण नसते आणि ॲस्बेस्टोसिसवर क्षयरोगाचा किंवा जुनाट खोकल्याचा शिक्का बसतो, ही त्यांनी दिलेली कारणे होती. क्षयरोग हा कोणाचाही दोष नसतो. ॲस्बेस्टोसिस हा कोणाचा तरी असतो. निदानाच्या एका शब्दावर दाव्याचे भवितव्य ठरते ते असे.

२३८ मृत्यू आणि एक याचिका

ज्यांच्याकडे कारखान्याची नोंदही नव्हती अशांची कहाणी गोध्र्याची आहे. मध्य प्रदेशातील झाबुआ, अलीराजपूर आणि धार जिल्ह्यांतील आदिवासी मजूर गुजरातेतील गोध्रा परिसरात गारगोटी दळण्याच्या कारखान्यांत कामाला जात. गारगोटीची भुकटी म्हणजे जवळपास शुद्ध सिलिका. येथे दहा-वीस वर्षे थांबण्याचीही गरज पडली नाही. थोड्या काळाच्या तीव्र संसर्गाने तरुण माणसे गावी परतली ती दम लागलेल्या अवस्थेत. यांचे मालक एका राज्यात, मृत्यू दुसऱ्या राज्यात आणि कागद कोठेच नाहीत, अशी स्थिती होती.

‘प्रसार’ या दिल्लीतील संस्थेने २००६ साली सिलिकोसिसच्या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. २००९ मध्ये न्यायालयाने राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाचे साहाय्य घेतले. आयोगाने नोव्हेंबर २०१० मध्ये गोध्र्याच्या मृत्यूंबद्दल भरपाईची शिफारस केली. मे २०१६ मध्ये न्यायालयाने २३८ मृतांच्या वारसांना प्रत्येकी तीन लाख रुपये देण्याचे आदेश गुजरात सरकारला दिले आणि ३०४ आजारी व्यक्तींच्या पुनर्वसनाची जबाबदारी मध्य प्रदेशावर टाकली. ६ ऑगस्ट २०२४ रोजी या याचिकेचा निकाल देताना न्यायालयाने सिलिकोसिसप्रवण उद्योगांवर देखरेखीचे काम राष्ट्रीय हरित लवादाकडे आणि भरपाईच्या प्रक्रियेवर लक्ष ठेवण्याचे काम मानवी हक्क आयोगाकडे सोपवले.

याचिका ते निकाल असा हा अठरा वर्षांचा प्रवास आहे. यात न्यायालयाने कामगारांची बाजू घेतली हे निर्विवाद. परंतु पैसे दिले ते सरकारने. दळणयंत्रे ज्यांची होती ते उद्योजक या हिशेबात जवळजवळ दिसतच नाहीत. राजस्थानने ऑक्टोबर २०१९ मध्ये सिलिकोसिसविषयी स्वतंत्र धोरण आणले. मजुराने स्वतः नोंदणी करावी, वैद्यकीय मंडळाने निदान करावे, निदान झाल्यास तीन लाख आणि मृत्यूनंतर वारसांना दोन लाख रुपये मिळावेत, अशी त्यात तरतूद आहे. मालक कोण हे सिद्ध करण्याच्या कटकटीतून मजुराची सुटका करणारे हे धोरण म्हणून महत्त्वाचे आहे. मात्र त्याची दुसरी बाजूही लक्षात घेतली पाहिजे. ज्याने धूळ उडवली त्याला तिची किंमत मोजावी लागली नाही, तर पाण्याचा फवारा आणि धूळशोषक यंत्रणा यांवर खर्च करण्याचे त्याला कारण उरत नाही.

उंबरठ्याच्या आतील धूळ

कारखान्याचा कामगार निदान कायद्याच्या नजरेच्या टप्प्यात तरी येतो. घरातील माणसांचे काय? ॲस्बेस्टॉस कामगाराचे धुळीने माखलेले कपडे घरी धुणाऱ्या स्त्रियांनाही हे आजार होतात, हे १९६५ मध्ये लंडनमध्ये झालेल्या अभ्यासाने दाखवून दिले होते. १९९६ मध्ये ब्रिटनच्या अपील न्यायालयाने लीड्समधील एका ॲस्बेस्टॉस कारखान्याच्या आवारात लहानपणी खेळलेल्या रहिवाशांच्या आजारालाही कंपनी जबाबदार असल्याचे मान्य केले. भारतात अशी पत्नी ‘कर्मचारी’ नसते, म्हणून भरपाईच्या कायद्यात ती बसत नाही. हरित लवादाच्या २०१० च्या कायद्यात कामगार नसलेल्या व्यक्तींसाठी दोष सिद्ध न करताही भरपाईची सोय आहे. पण तेथेही दाव्याचे कारण प्रथम उद्भवल्यापासून पाच वर्षांची मुदत आहे. संसर्ग हे कारण मानले तर ती मुदत आजार दिसण्यापूर्वीच संपते.

घराचे छप्पर हा आणखी व्यापक विषय. २०११ च्या जनगणनेनुसार देशातील सुमारे १६ टक्के घरांवर जस्ताचे, अन्य धातूचे किंवा ॲस्बेस्टॉसचे पत्रे होते. सिमेंटमध्ये घट्ट बांधलेले तंतू हवेत उडत नाहीत, असा उद्योगाचा युक्तिवाद आहे आणि अखंड पत्र्यापुरता त्यात तथ्यांश आहे. पण पत्रा कापावा लागतो, त्याला भोके पाडावी लागतात, वादळात तो फुटतो आणि त्याचे तुकडे अंगणात पडून राहतात. हे काम करणारा सुतार किंवा गवंडी कोणत्याही ॲस्बेस्टॉस कारखान्याच्या पटावर नसतो.

मराठी वाचकाला याचे अगदी जवळचे उदाहरण गलाई व्यवसायात सापडेल. सांगली जिल्ह्यातील खानापूर, आटपाडी या दुष्काळी तालुक्यांतून बाहेर पडलेली कुटुंबे देशभरच्या सराफ बाजारांत सोने-चांदी गाळण्याचा व्यवसाय पिढ्यान्‌पिढ्या करीत आहेत. भट्टीचा धूर आणि नायट्रिक आम्लातून उठणारी तांबूस वाफ हा त्या व्यवसायाचा रोजचा भाग आहे. या वाफांमुळे होणारी विषबाधा १९४८ च्या कारखाने कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत कळवण्यायोग्य आजार म्हणून नोंदलेली होती. परंतु दोन-चार माणसांची गलाईची खोली ही कारखाना ठरत नाही. तेथे मालक बहुधा मामा किंवा चुलता असतो आणि कामगार भाचा किंवा पुतण्या. दावा कोणी कोणावर करायचा? येथे उपयोगी पडेल ती भरपाईच्या खटल्याची वाट नव्हे, तर तपासणीची आणि सामाजिक विम्याची.

संसदेतील शुक्रवार

मग संसदेने काय केले? राज्यसभेत महाराष्ट्राचे तत्कालीन सदस्य विजय दर्डा यांनी २००९ मध्ये पांढऱ्या ॲस्बेस्टॉसचा वापर आणि आयात यांवर बंदी घालणारे खासगी विधेयक मांडले होते. निर्यात करणारे देश स्वतः जे वापरत नाहीत ते भारतात पाठवतात, हा त्यामागचा मुख्य आक्षेप होता. शुक्रवारी दुपारी चर्चेला येणाऱ्या खासगी विधेयकांचे भवितव्य संसदीय कामकाज जाणणाऱ्यांना ठाऊक असते. स्वातंत्र्यानंतर अशी केवळ १४ विधेयके कायदा बनू शकली आणि त्यांपैकी शेवटचे १९७० साली.

तरीही या विधेयकाला एक अनपेक्षित स्थान मिळाले. ॲस्बेस्टॉसवर बंदी मागणारी एक याचिका जानेवारी २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फेटाळली. याचिकाकर्त्यांच्या हेतूवर न्यायालयाने ताशेरे ओढले, १९९५ च्या आदेशांची अंमलबजावणी व्हावी असे पुन्हा सांगितले आणि विषय विधिमंडळासमोर असल्याचे दाखवताना याच प्रलंबित विधेयकाचा उल्लेख केला. न्यायालयाने संसदेकडे बोट दाखवले, आणि संसदेत होते ते एका सदस्याचे खासगी विधेयक.

सरकारची भूमिकाही स्थिर राहिली नाही. घातक रसायनांच्या व्यापारात आयातदार देशाला पूर्वसूचना मिळावी यासाठी असलेल्या रॉटरडॅम कराराच्या यादीत पांढरे ॲस्बेस्टॉस घालण्यास जून २०११ मध्ये जिनिव्हात भारताने पाठिंबा दिला. तेव्हा विरोध कॅनडाचा होता. २०१३ च्या परिषदेत भारतच विरोधकांच्या रांगेत जाऊन बसला. पुढे कॅनडाने २०१८ मध्ये आपल्याकडे ॲस्बेस्टॉसवर बंदी घातली. भारतात आयात सुरू राहिली, आता प्रामुख्याने रशियातून. स्वस्त छपराची गरज, पत्र्यांच्या उद्योगातील रोजगार आणि पर्यायांचा खर्च हे प्रश्न खोटे नाहीत. पण व्यापार, कामगार, पर्यावरण आणि आरोग्य अशा चार खात्यांत विभागलेला हा विषय कोणत्याही एका मंत्र्याच्या दारात पूर्णपणे उभा राहत नाही, हेही तितकेच खरे.

सर्वांत मोठी संधी श्रमसंहितांच्या वेळी आली होती. व्यावसायिक सुरक्षा आणि सामाजिक सुरक्षा यांविषयीच्या संहिता २२ आणि २३ सप्टेंबर २०२० रोजी दोन्ही सभागृहांत मंजूर झाल्या. त्या दिवसांत कृषी विधेयकांवरून राज्यसभेतील आठ सदस्य निलंबित झाले होते आणि विरोधी पक्षांचा कामकाजावर बहिष्कार होता. संप, कपात आणि कंत्राटी कामगार यांवर बाहेर बराच वाद झाला. आजार आणि मुदत यांचा हिशेब मात्र सभागृहात कोणी मागितला नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून या संहिता लागू झाल्या. त्यांत ठरावीक वर्गांतील कामगारांसाठी वार्षिक मोफत आरोग्यतपासणीची तरतूद आली, ती स्वागतार्ह आहे. त्याच वेळी कारखाना म्हणवून घेण्यासाठी लागणारी कामगारसंख्या विजेवर चालणाऱ्या ठिकाणी दहावरून वीसवर गेली. धोकादायक कामांच्या ठिकाणी संख्येची अट बाजूला ठेवण्याचा अधिकार सरकारकडे आहे, पण तो अधिसूचनेवर अवलंबून आहे. आणि भरपाईच्या बाबतीत आजाराला अपघात मानण्याची १९२३ ची चौकटच पुढे चालू राहिली.

ती चौकट मोडण्यासाठी क्रांतिकारक कायद्याची आवश्यकता नाही. दाव्याची मुदत निदानाच्या दिवसापासून मोजावी, एवढी एक दुरुस्ती ब्रिटनने साठ वर्षांपूर्वी केली होती. कामगाराची आरोग्यनोंद मालकाच्या कपाटात न ठेवता शासनाच्या नोंदवहीत ठेवावी. कोट्यवधी असंघटित श्रमिकांची नोंदणी संगणकावर करू शकणाऱ्या सरकारला हे अशक्य नाही. शासनाने भरपाई आधी द्यावी आणि नंतर ती उद्योगाकडून उपकराच्या रूपाने वसूल करावी. कामगाराच्या घरातील माणसांनाही त्यात स्थान असावे. यांतील बहुतेक गोष्टी कोणत्या ना कोणत्या राज्यात, निकालात किंवा देशात अमलात आलेल्या आहेत. त्या एका कायद्यात आणण्याचे काम तेवढे शिल्लक आहे.

क्रशर बंद झाले त्या वर्षी जो लाल कुआँत वीस वर्षांचा होता, तो आता पन्नाशी ओलांडून गेला आहे. त्याच्या खोकल्याचे निदान उद्या झाले, तर मुदत कोणत्या दिवसापासून मोजायची, याचे उत्तर त्याला मिळाले पाहिजे. ते देण्याची जागा न्यायालय नव्हे, संसद आहे.